शेवटची चार मिनिटं

दर सप्टेंबरात आमच्या गावात, वेल्सच्या किनाऱ्यावर, सारख्या करड्या टोप्या घातलेली माणसं येतात. सदुसष्ट साली इथं एका हेरमालिकेचं चित्रीकरण झालं होतं. तिच्यातला हेर रोज सकाळी नव्या नावानं जागा व्हायचा आणि अख्खं गाव त्याला त्याच नावानं हाक मारायचं. का, ते कुणीच सांगितलं नाही. माणसं अजून तेच शोधत येतात.

नववा भाग कंपनीनं पुसून टाकला. त्याचा आवाज तेवढा माझ्याकडे होता, टीव्हीपुढं माइक धरून रिळावर घेतलेला. यंदा ते रीळ मी त्या टोपीवाल्यांच्या रसिकमंडळाच्या क्लाइव्हला दिलं.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "इदवल, तुम्ही देवमाणूस आहात. फक्त भाग संपल्यावर कुणी म्हातारा चार मिनिटं वेल्शमध्ये गातोय. तेवढं कापतो आणि शनिवारी सगळ्यांना ऐकवतो."

मला वाटलं होतं, त्या रिळावरचं जुनं सगळं पुसलं गेलंय.

"गाणं नाही ते," मी म्हणालो. "प्रवचन आहे. कापू नका."

आमच्या चॅपलचे पाद्री इलायस प्रोबर्ट साध्या बोलण्यात सुरुवात करायचे. मग शब्दांना नकळत सूर लागायचा आणि बाकांवरची माणसं श्वास रोखून पुढं सरकायची. त्यांचं शेवटचं प्रवचन मी त्यांच्या लेकीसाठी टिपलं होतं. नेस्टा तेव्हा लिव्हरपूलला नर्सिंग शिकत होती. ती पोचायच्या आत ते गेले. आणि नववा भाग लागला त्या शुक्रवारी माझ्याकडे दुसरं कोरं रीळ नव्हतं.

"मशीननं टेप खाल्ली," असं मी तिला सांगितलं होतं. तिनंच माझी समजूत काढली. तेव्हापासून दर रविवारी ती ऑर्गन वाजवते आणि मी तिच्या मागच्या बाकावर बसतो.

क्लाइव्हकडून प्रत आणून मी तिच्या स्वयंपाकघरात लावली. चार मिनिटं ती हलली नाही.

"आधीचं कुठाय?"

"मी पुसलं, नेस्टा. टेप मशीननं खाल्ली नव्हती."

तिनं खुर्ची मशीनजवळ ओढली. "कशासाठी पुसलंस, तेही ऐकव."

लावलं. दाराची घंटा, पावलं, हेराचं नवं नाव.

"ह्याचा अर्थ काय रे?"

"मला अजून कळलेला नाही."

"तरी ऐकतोस."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हेराचं पुढचं वाक्य मी त्याच्या आधीच पुटपुटत होतो.