मांडीवरचं सूत

आमच्या खोलीत पुरुष येत नाही. हे पयलेच लिहून ठेवते, काहून की पुढचं सारं भांडण याच्यावरच झालं.

मोहाडीच्या रस्त्यावर एक राईस मिल बंद पडली होती. तिचंच आता कला केंद्र झालं आहे. गोदामात बुधराम बांबू फाडते, सुपं-टोपल्या विणते. त्याच्या बाजूला दोन हातमाग आहेत, ते सत्यभामा सांभाळते. समोर दुकान आहे, तिथं माझी सून रुचिता बसते. आणि मागं जिथं आधी मुनीम बसे, ती खोली आम्हा सहा बायकायची. तिथं आम्ही कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत काढतो.

कसं काढतो तेबी सांगते. कोसे राखेच्या पाण्यात उकडायचे. मऊ झाले की पाच-सहा कोशांचे पदर एकत्र धरायचे. लुगडं वर घ्यायचं, डाव्या मांडीवर डाव्या तळहातानं पीळ द्यायचा आणि उजव्या हातानं फिरकी फिरवायची. चाळीस वर्षं झाली, माझ्या त्या मांडीवर एक केस उगवला नाही. सासूनं मले हे काम शिकवलं तेव्हा पयले दार लावाले शिकवलं, मग हात कसा चालवायचा ते. माझा मालक घरचा धनी, पण सूत चालू असलं की तोबी बाहेर उभा राहून खोकले. आत पाय टाकाची त्याची हिंमत नव्हती.

मशीनबी आहे केंद्रात. दुकानात गिऱ्हाईक नसलं की रुचिता चालवते. पण मशीनचं सूत सपाट निघते. सत्यभामा माझं सूत डोळे मिटून ओळखते, बोटाले गाठ लागली की म्हणते, ही रेवताबाईची.

तं एक दिवस अश्वजित आला. हा केंद्राचा व्यवस्थापक. भंडाऱ्याचा शिकलेला पोट्टा, मनाचा वाईट नाही, पण मोठ्या माणसाचा फोन आला की खुर्चीतून उठून बोलते. दाराबाहेर उभा राहिला आणि हातातला कागद हलवला.

"रेवतामावशी, शुक्रवारी कंपनीचे साहेब येऊन राहिले. ज्यायनं गोदामाचं अर्धं छत बांधून देल्लं, ते."

"येऊ दे ना. चहा पाजू."

"त्यायले सूत काढताना पाहायचं आहे. हॉलमध्ये. लाइव्ह डेमो."

"मशीन दाखव."

"मशीन तं सगळीकडंच असते, मावशी. त्यायले पारंपरिक पाहिजे. ते... वरचं."

"कशावरचं?"

पोट्टा जमिनीकडं पाहू लागला.

"तुले नुसतं बोलाले लाज वाटून राहिली," मी म्हणलं, "आणि बायकायनं ते शंभर मोबाईलसमोर करून दाखवायचं?"

आमच्यातली शकुंतलाबाई आतून हसली. मले हसू आलं नाही, काहून की त्याच्या हातातल्या कागदावर आणखी लिहिलेलं होतं. मी चौथीपर्यंत शिकली, पण साहेबाचा कागद वाचता येते मले. त्यात लिहिलं होतं, एक तरुण महिला, पारंपरिक लुगड्यात. बाजूला पेनानं रुचिताचं नाव. आणि खाली असं, की डेमो चांगला झाला तर आमच्या खोलीची समोरची भिंत पाडून काच बसवून देऊ, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यायले केव्हाही पाहता येईल.

"माझ्या सुनेचं नाव कोणं लिहिलं?"

"मीच. तरुण बाई असली की फोटो चांगला येते म्हणत होते, मावशी."

"ती मशीन चालवते गा! तिले मांडीवर एक हात सूत काढता येत नाही. तुमाले सूत पाहायचं आहे का सून पाहायची आहे?"

अश्वजितचा चेहरा पडला. "बाकीचं छत त्यायच्याच हातात आहे. मी काय करू?"

घरी रुचिताले विचारलं. भाकर थापता थापता म्हणाली, "आई, दोन घंट्याचा प्रश्न आहे. मी बसते. नाही म्हणलं आणि दुकानातून काढलं तं?"

"तुले बसायचं आहे का?"

तव्यावरची भाकर जळाले लागली तरी तिनं पलटवली नाही. मले उत्तर समजलं.

दुसऱ्या दिवशी मी अश्वजितले सांगतलं, "डेमो होईल. हॉलमध्येच होईल. पण बसीन मी." तो एवढा खूश झाला की त्यानं का-कसं काही विचारलं नाही.

शुक्रवारी दोन गाड्या आल्या. पाच-सहा माणसं, एक फोटोवाला, आणि मधात साहेब. गोरेगोमटे, इस्त्रीची पँट, चमकते बूट. हॉलमध्ये सतरंजी घातली होती. मी कोशांची घमेली घेऊन बसली. लुगडं घोट्यापर्यंत. समोर एक रिकामा पाट मांडला.

"नमस्कार आजी," साहेब म्हणाले. "करा सुरू."

"तुम्ही बसल्याशिवाय कसं सुरू करू? आमच्याकडं हे काम पाहून शिकत नाहीत. ज्याले समजून घ्यायचं आहे त्यानं हातानं करायचं."

साहेबाले गंमत वाटली. "अरे वा! हँड्स-ऑन!" म्हणत बूट काढून पाटावर बसले.

"पँट वर करा."

त्यायनं घोट्यापर्यंत केली.

"आणखी वर. घोट्यावर सूत निघत नाही साहेब."

गुडघ्यापर्यंत केली. लोक हसू लागले. फोटोवाला गुडघ्यावर बसून खटाखट फोटो काढून राहिला. "सर, इकडं पाहा, सर, मस्त!"

"मांडी म्हणजे मांडी," मी म्हणलं. "पारंपरिक पाहिजे ना तुमाले?"

माघार घ्यायची तं सगळ्यायसमोर कशी घेणार? ओढून ओढून त्यायनं पँट वर नेली. मांडी पांढरीफटक, त्यावर काळे केस. मी कोशांचे ओले पदर त्यावर ठेवले, त्यायचा तळहात वरून दाबला आणि म्हणलं, "आता जोरानं पुढं."

साहेबानं जोर लावला. सुतासंग केसबी पिळले.

"आई गं!"

सारा हॉल हसला. बुधरामनं तोंडासमोर सूप धरलं, पण त्याचे खांदे हलत होते. फोटोवाल्यानं तेबी टिपलं. आतापर्यंत दहा मोबाईल वर झाले होते.

साहेबाचं हसणं गेलं. "फोटो बंद करा! बंद करा सांगितलं ना! आणि आधीचे डिलीट करा."

"काहून?" मी विचारलं. "चांगले येऊन राहिले. इथंच भिंतीवर लावू."

"आजी, हे बरं दिसत नाही."

"कोणाले बरं दिसत नाही?"

वर झालेले मोबाईल खाली आले. मले जे बोलायचं होतं ते आता कोणीबी मधात तोडणार नव्हतं.

"तुमची मांडी तुमची आहे साहेब. एक फोटो राहणार नाही, मी उभी राहून पुसून घेते. पण तुमाले जे दोन मिनिटं सोसलं नाही, ते तरुण बाईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, करावं असं तुम्ही कागदावर लिहून पाठवलं. आणि वरून काच लावायची म्हणता. आम्ही काय दुकानातल्या बरण्या आहो?"

"आम्ही तुमच्या कलेचा गौरव करायला आलो होतो."

"मग सुताचा करा. हे घ्या." मी लडी त्यायच्यापुढं धरली. "दोन्ही हातानं ताणून पाहा. तुटली तं मी कान पकडते."

त्यायनं लडी घेतली नाही. पँट खाली केली, बुटात तसेच पाय कोंबले आणि गेले. बाकीचे मागं मागं. चहा केलेला तसाच राहिला, तो आम्ही प्यालो. फोटोवाल्याले आणि मोबाईलवाल्यायले मी फाटकापाशी अडवून सगळे फोटो पुसाले लावले. शब्द म्हणजे शब्द.

अश्वजित डोक्याले हात लावून बसला. "मावशी, छत गेलं. माग भिजतील पावसाळ्यात."

"माग आमच्या खोलीत आण. सत्यभामा बाईच आहे, तिले कोण अडवते?"

"जागा कुठं आहे? सहा जणी, दोन माग?"

"सरकून बसू. तुले आत यायचंच नाही, तं तुले काहून चिंता?"

"आणि बुधरामकाका?"

बुधराम सूप बाजूले ठेवून बोलला, "मले पावसात राहू दे गा. बांबू ओला असला की चांगला फाटते."

रुचिता तेवढा वेळ दुकानाच्या दारात उभी होती. कोणी काही म्हणायच्या आधी तिनं मागाचं एक टोक उचललं आणि म्हणाली, "अश्वजितभाऊ, दुसरं टोक धरा. दारापर्यंतच."

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. आम्ही आत काम करून राहिलो होतो, मागाचा खटखट आवाज, कोशांचा वास, गुडघ्याले गुडघे लागलेले. अश्वजितनं बाहेरूनच वाचून दाखवलं. सहकार्य पुढं चालू ठेवणं शक्य नाही वगैरे. शेवटी लिहिलं होतं की फाटकावरचा कंपनीच्या नावाचा बोर्ड परत न्यायले माणूस येईल.

"काय उत्तर लिहू, मावशी?"

"लिही, बोर्ड घेऊन जा. पण खिळे तेवढे राहू द्या, लडी वाळू घालाले लागतात."