गफ्फारच्या तव्यावरचा गेटा

हीना अमेरिकेहून परत आली, तेव्हा मूर्तिजापुरात जो तो तिला एकच विचारी, "नवऱ्यानं काहून सोडलं?" सिनसिनाटी नावाच्या शहरात तिचा संसार मोडला होता. त्यानंतर ती तिथेच रूथ नावाच्या म्हातारीच्या न्याहारीच्या हॉटेलात तव्यापुढे उभी राहिली आणि तिने पोट भरलं. येताना तिने एक पदार्थ तेवढा शिकून आणला. गेटा.

रूथचे पूर्वज जर्मनीहून त्या गावी आले तेव्हा घरात माणसं पुष्कळ आणि मांस थोडं. म्हणून ते खिम्यात ओटचा भरडा घालून मंद आचेवर शिजवत, लादीसारखा थापून गार करत आणि सकाळी काप काढून तव्यावर खरपूस भाजत. रूथच्या हॉटेलात डुकराचं मांस असे. हीनासाठी ती वेगळ्या भांड्यात बकऱ्याचं करी.

हीनाचे वडील अब्दुल गफ्फार, गावाचे गफ्फारचाचा, यांचं स्टेशनाजवळ पायाचं हॉटेल होतं. सकाळी पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा, आणि रोटी, बस. पण त्यांचे गुडघे गेले, गिऱ्हाईक रोडावलं, आणि मोठा मुलगा वकार जागा मोबाइलच्या दुकानवाल्याला भाड्याने द्यायला निघाला.

"मले द्या," हीना म्हणाली. "हा हिवाळा तरी."

"बाईमानूस भर रस्त्यावर तव्यापाशी उभी राहीन?" वकार म्हणाला.

"तिकडं उभीच होती न मी."

गफ्फारचाचा गुडघे चोळत बसले. नकार आला नाही, तोच तिने होकार धरला.

बाजारात ओट मिळाले ते चपटे, पाकिटातले. त्यांची खीर झाली. मग ती गिरणीवाल्या पार्वताबाईकडे गेली आणि ज्वारी जाडसर भरडून मागितली.

"कण्या अन् मटन?" पार्वताबाईने कपाळाला हात लावला. "हे कोनतं खानं वो बाप्पा?"

"होऊ तं द्या, मावशी."

कण्या शिजल्या, चवही जमली, पण काप तव्यावर पडले की फुटत. रोजचे गिऱ्हाईक किसनराव चमच्याने खात म्हणाले, "पोरी, याले उपमा मनाव का भुर्जी?" सगळं हॉटेल हसलं. हीनाही हसली, आणि लगेच तवा खरवडायला बसली. दुसऱ्या दिवशी पाणी कमी केलं; काप फुटले. बेसन घातलं, चव गेली. "आता पुरे झालं," वकारने बजावलं. "परवा मानूस जागा पाहाले येऊन रायला."

"येऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी कडक होती. हीनाने आदल्या दिवशीच्या पायाचं पातेलं धुवायला कलतं केलं, तर तळाचा रस्सा हललाच नाही. जेलीसारखा घट्ट बसला होता. हाच चिकटपणा काप धरून ठेवील, हे तिच्या ध्यानात आलं. मग आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या वडिलांजवळ जाऊन म्हणाली, "अब्बा, तुमच्या पायाच्या रश्श्यात कण्या शिजवीन."

"माह्या पायात कण्या?" गफ्फारचाचा भडकले. "हात लावू नको!"

हीनाने बाजारातून स्वतःच पाये आणले आणि चुलीवर भाजायला घेतले. केस जळाल्याचा वास खाटेपर्यंत गेला. थोड्या वेळाने गफ्फारचाचा भिंत धरत आले.

"असे नाई जाळत. खुरापाशी केस तसेच रायले." त्यांनी चिमटा तिच्या हातून घेतला आणि स्टुलावर बसकण मारली. "आच कमी कर. घाई कायची हाय तुले?"

पाये दिवसभर शिजले. गाळलेल्या रश्श्यात तिने खिमा आणि कण्या घातल्या, हात भरून येईस्तोवर घोटल्या आणि परातीत थापल्या. सकाळी सुरी घातली तर काप सरळ उभा राहिला. तव्यावर पडला, कडेने तांबूस झाला, उलटला, फुटला नाही.

पहिला काप गफ्फारचाचांनी खाल्ला. बराच वेळ चावत राहिले. "वरतून कुरकुरीत, आतून नरम," ते म्हणाले. "गरम मसाला पाहिजे."

"मिरची टाकीन, जिरं टाकीन. गरम मसाला नाई. मंग थो गेटा रायनार नाई."

"जिद्दी हायेस." पण त्यांनी दुसरा काप उचलला.

मोबाइलवाला आला तेव्हा एक बाक भरलेला होता. किसनराव लिंबू पिळून खात होते, आणि पार्वताबाई आपल्या कण्यांचं काय झालं ते पाहायला आली होती. ती मटण खात नसे, पण शेजारच्याच्या ताटात वाकून बघत होती. वकार पाहुण्याला जागा दाखवू लागला.

"भाऊ, हे भाड्यानं नाई द्याचं," हीना तव्यावरूनच म्हणाली. "भूक असंन तं बसा."

पाहुण्याने वकारकडे पाहिलं. वकारने वडिलांकडे. गफ्फारचाचा पाये साफ करत होते; त्यांनी मान वर केली नाही.

"ती सांगते थे ऐक," एवढंच म्हणाले.

मोबाइलवाला बाकावर सरकून बसला. वकार थोडा वेळ दारातच घुटमळला.

"दादा," हीनाने काप उलटत हाक मारली, "लिंबं सरली. बाजारातून आन न जरा."

वकारने खुंटीवरची पिशवी घेतली आणि तो निघाला.