उजवा हात जरा वर

गोंधळ कशाशी खातात हे कानसेनांना ठाऊकच नव्हतं. पियानो एक तर सुरात असतो, नाही तर नसतो, मधलं काही नसतं, असा हा माणूस. तीस वर्षं लोकांच्या घरी, शाळांमध्ये, नाचाच्या वर्गांत जाऊन त्यांनी पियानो सुरात लावले, ते निव्वळ कानावर. त्यांच्या धंद्यातली नवी मंडळी समोर फोन ठेवतात, त्यावरचा काटा बघतात आणि किल्लीनं तारा पिळतात. कानसेन त्यांना सरळ बहिरे म्हणत. ‘मी तानसेन नसेन, पण कानसेन आहे’ हे वाक्य त्यांनी इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं की खरं नाव मागे पडलं आणि हेच चिकटलं.

आता कानावर जगणाऱ्या माणसाचा कान गेला तर उरलं काय? दीड वर्षापूर्वी त्यांना सणसणीत पडसं झालं आणि उजव्या कानाला पंधरा दिवस दडा बसला. पुढे दडा सुटला. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिला दुखण्यांची खोड माहीत. ‘एकदा कान तपासून घ्या’ म्हणून ती मागे लागली, कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा आणून दिली. कानसेन म्हणाले, “माझा कान मी रोज आठ तास तपासतो. डॉक्टर काय पाच मिनिटांत दिवे लावणार?” चिठ्ठी कपाटावर पडून राहिली. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. ज्याच्याकडे एकच गोष्ट असते तो ती कुणाला उघडून दाखवत नाही.

अशा माणसाला त्या ऑनलाइन संगीताच्या खेळात ओढलं लेकीनं. लेकही पियानो लावते, बापाकडेच शिकली, फक्त ती फोनवाली. “बाबा, जन्मभर दुसऱ्यांचे पियानो लावलेत. एकदा स्वतःचं काही वाजवा की,” म्हणाली आणि दुवा पाठवून मोकळी झाली. हा खेळ म्हणजे स्पर्धा नव्हे. नंबर नाही, बक्षीस नाही. दर महिन्याला एक विषय देतात, त्यावर दोन-तीन मिनिटांची रचना करायची आणि टोपणनावानं चढवायची. मग प्रत्येकानं बाकी तीस जणांच्या रचना ऐकून एकेक अभिप्राय लिहायचा. अट एवढीच, की आठ दिवस आपल्या रचनेबद्दल स्वतः अवाक्षर काढायचं नाही. ऐकणाऱ्याला काय ऐकू आलं ते निमूट वाचायचं.

या महिन्याचा विषय होता ‘एका घरात दोघं’. कानसेनांना हसूच आलं. त्यांना वाटलं, हा विषय तर आपल्याला पाठ आहे. त्यांनी डावा हात स्वतःला दिला आणि उजवा बायकोला. खाली त्यांची जडशी, अडत चालणारी धून, वर तिची भरभर, टोमणे मारल्यासारखी. मध्ये दोघांची जुंपते. मग दोघं दमतात. शेवटच्या आठ ओळींत डावा नि उजवा तीच साधी धून वाजवतात, खाली एक आणि दोन सप्तकं वर दुसरा, पावलाला पाऊल लावून. काही थोर नव्हतं ते. पण शेवटच्या त्या ओळी त्यांनी उगीचच चारदा वाजवल्या, आणि हे मी पदरचं सांगत नाही, त्यांनी स्वतः कबूल केलंय. घरच्या पियानोवर वाजवून फोनमध्ये टिपलं आणि चढवलं. पियानो त्यांनी महिन्यापूर्वीच लावलेला, त्यामुळे ती काळजी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी अभिप्राय उघडले. ‘ओला टॉवेल’ नावाच्या कुणी लिहिलं होतं, ‘शेवटी दोघं एकच धून वाजवतात आणि तरीही भेटत नाहीत. मी भांडी घासत होते, नळ बंद करून ऐकलं.’

कानसेनांनी ते दोनदा वाचलं. भेटत नाहीत म्हणजे? भेटतात की चांगले.

खाली ‘आजोबा नंबर दोन’ होते. ‘हे ज्याला सुचलं त्यानं संसार केलाय. इतकी वर्षं शेजारी राहून सूर न जुळणं म्हणजे काय, ते आम्हाला विचारा.’ त्याखाली ‘अर्धा कप’. ‘किती धीट आहे हे. मी तर घाबरून सगळं गोड करून टाकलं असतं.’

गोडच तर केलं होतं! कानसेनांनी आपली रचना पुन्हा ऐकली. हेडफोन लावून ऐकली, काढून ऐकली, बायकोच्या फोनवर ऐकली. दोघं तंतोतंत भेटत होते. मग त्यांना वाटलं, आपल्या नावाखाली भलत्याचीच रचना चढली असेल. ती दाबून पाहिली तर आपलीच. मग वाटलं, ही तरुण पोरं कशालाही धीट म्हणतात. पण आजोबा नंबर दोन काही तरुण नसावेत. विचारायची सोय नाही, अट आडवी येते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि बुक्के कौतुकाचे.

दिवसभर एका शाळेत पियानो लावायचं काम होतं. संगीताच्या बाईंनी नेहमीसारखी खुर्ची ओढून गप्पा मारल्या. निघताना कानसेनांनी विचारलं, “वरचे सूर कसे वाटतात?” एरवी ते असं कधी विचारत नाहीत. बाईंनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही लावलेत ना, मग झालं.” कानसेनांना हे उत्तर पटलं नाही, पण का पटलं नाही तेही कळेना.

घरी येऊन बघतात तो आणखी बारा अभिप्राय. सगळे हळहळलेले. कुणाला आईवडील आठवले होते, कुणाला मोडलेलं लग्न. आणि सर्वांत शेवटी ‘रविवारचा सुतार’ यानं लिहिलं होतं, ‘मला राहवेना म्हणून मोजून पाहिलं. वरचा हात खालच्यापेक्षा जवळजवळ पाव स्वर चढा आहे, तोही सगळीकडे सारखा. पियानो मुद्दाम असा लावून घेतलेला दिसतो. इतकं नेमकं बिघडवणारा माणूस सहजी मिळत नाही. फेरी संपली की त्याचा पत्ता द्या.’

कानसेन उठले ते तडक पियानोपाशी गेले. मधली एक पट्टी वाजवली, मग तीच दोन सप्तकं वर. बरोबर. पुन्हा वाजवली. बरोबरच. आपण एकटे शहाणे आणि लिहिणारे पंधराच्या पंधरा वेडे, असं म्हणणाऱ्या माणसाला लोक कुठे नेऊन ठेवतात हे त्यांना माहीत होतं. आणि तरी कान सांगत होता, बरोबर आहे. तीस वर्षं ज्याचं ऐकलं त्याचं आज ऐकायचं की नाही?

बायको दुकानातून आली तेव्हा ते पियानोसमोर तसेच बसले होते. “अगं, एक सांग. हे तुला कसं ऐकू येतं?” म्हणून त्यांनी शेवटच्या आठ ओळी वाजवून दाखवल्या.

ती पिशवी न ठेवताच उभी होती. म्हणाली, “छान आहे. मला काय कळतं त्यातलं.”

“लोक म्हणतात दोघं भेटत नाहीत.”

“लोकांना काय कामं आहेत?” ती आत गेली. तिचा आवाज जरा जास्तच मोकळा होता. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात कानसेनांना एवढं ओळखता येत होतं.

शनिवारी दुपारी लेक जेवायला आली. जेवणं होईपर्यंत कानसेनांनी विषय काढला नाही. मग बडीशेपेची डबी पुढे करावी तितक्या सहज म्हणाले, “तुझा तो काटेवाला फोन दे जरा.”

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं ताटं गोळा करायला घेतली. दोघींचं ते बघणं पाहूनच खरं तर सगळं कळायला हवं होतं, पण माणूस कळून न कळल्यासारखं किती वेळ करू शकतो याला हिशेब नाही.

“कशाला हवाय, बाबा?”

“तू दे तर.”

फोन पियानोवर ठेवून त्यांनी खालून सुरुवात केली. काटा मध्यावर. एकेक पट्टी वर जात होते, काटा हलेना, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी मागे वळून दोघींकडे पाहिलं. मधलं सप्तकही चोख. त्याच्या वरच्या सप्तकात काटा उजवीकडे सरकू लागला. आणखी वर गेले तसा तो पार उजवीकडे जाऊन पडला. पट्टी कुठलीही असो, काटा तिथेच. त्यांनी फोन उचलला, काच शर्टाला पुसली आणि परत ठेवला. काटा काही ऐकेना.

“हे यंत्र बिघडलंय,” ते म्हणाले. खालची एक पट्टी वाजवून पाहिली, काटा मुकाट मध्यावर आला. मग म्हणाले, “की मी?”

लेक त्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसली. “वरचे सूर तुम्हाला आहेत त्यापेक्षा खाली ऐकू येतात, बाबा. मग ते बरोबर वाटेपर्यंत तुम्ही तार ओढत राहता. त्या पडशापासून चाललंय हे.”

“तुला कसं माहीत?”

“मी तुमच्या मागोमाग जाते. तुम्ही ज्यांचा पियानो लावून येता त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी मी जाते आणि वरचे सूर उतरवते.”

कानसेनांनी शाळेचं नाव घेतलं. लेकीनं मान हलवली. नाचाचा वर्ग? तिथेही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई? त्यांच्याकडेही. एकेक घर आठवून ते विचारत गेले आणि ती हो म्हणत गेली. शेवटी ते थांबले, कारण उरलेली घरं विचारण्यात अर्थ नव्हता.

“मग मला बोलावतात तरी कशाला?”

“शाळेतल्या बाई म्हणाल्या, त्यांना गप्पांसाठी बोलावते, पियानोसाठी तुला.” लेकीला हसायचं होतं, पण जमलं नाही. “सगळ्यांचा जीव आहे हो तुमच्यावर. सांगणार कोण?”

त्यांना राग आला. खूप आला. दीड वर्ष सगळ्यांनी मिळून आपल्याला बुजगावणं करून उभं केलं, असं तोंडाशी आलं होतं. लाज त्याहून मोठी होती, तिनं राग गिळून टाकला. आणि तरी डोक्यात एक गाठ सुटत नव्हती.

“सगळीकडे जात होतीस, मग हा का नाही लावलास? हा घरचा? हा लावला असतास तर त्या तीस जणांत माझा तमाशा झाला नसता. कुणाला कळलंही नसतं.”

लेकीनं दाराकडे पाहिलं. उत्तर दारातून आलं. बायको हातात ओलं ताट घेऊन उभी होती.

“मी लावू दिला नाही,” ती म्हणाली. “दोनदा आली होती ती, तुम्ही बाहेर असताना. मी परत पाठवलं.”

“का?”

“तुम्ही संध्याकाळी येऊन वाजवायला बसता. तिनं लावला असता तर तुम्हाला तो बेसूर लागला असता. दिवसभर बाहेर चुकता ते तुम्हाला माहीत नाही, पण घरी आल्यावर तरी तुम्हाला बरोबर ऐकू यावं, म्हणून.”

“आणि तुला? तुला कसा ऐकू येत होता?”

तिनं ताट टेबलावर ठेवलं. “वाईट,” म्हणाली. “फार वाईट. पहिले दोन महिने मी कानात कापूस घालून कपडे घडी करायची.”

दीड वर्ष, रोज संध्याकाळी. कानसेनांना त्या सगळ्या संध्याकाळी एकदम दिसल्या. ते आपल्याच तालात डुलतायत आणि ही पलीकडच्या खोलीत निमूट बसलेली. मला काय कळतं म्हणणाऱ्या या बाईला सगळं कळत होतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मग त्यांनी आपली किल्ली लेकीपुढे धरली. “उतरव,” म्हणाले. “वरचे सगळे.”

तासभर लेक काम करत होती. कानसेन शेजारी खुर्चीवर बसून होते. आपल्या पियानोचे एकेक सूर आपल्यादेखत बिघडताना त्यांना ऐकू येत होते, आणि प्रत्येक वेळी काटा मध्यावर येऊन थांबत होता. एकदा तर ‘पुरे, फार उतरलं’ असं त्यांच्या तोंडून गेलंच. लेकीनं हात थांबवला, वाट पाहिली. ते म्हणाले, “नाही, तू कर.”

तिचं आटोपल्यावर ते बाकावर बसले. शेवटच्या आठ ओळी सुरू केल्या आणि तिसऱ्या सुराला थांबले. अंगावर काटा आला त्यांच्या. वरचा हात खालच्याला सोडून भलतीकडेच चालला होता.

“मला नाही गं जमायचं,” ते म्हणाले. “मला हे दोघं भांडतायत असं ऐकू येतंय.”

बायकोनं हात पुसले. ती बाकावर त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली. इतक्या वर्षांत ती त्या बाकावर कधी बसली नव्हती.

“वाजवा तुम्ही,” ती म्हणाली. “चुकलात तर मी सांगेन.”

त्यांनी पट्ट्यांकडे पाहणं सोडलं आणि तिच्या तोंडाकडे पाहत पहिल्यापासून वाजवायला घेतलं. त्यांच्या कानात सगळं बेसूर होतं. तिचे डोळे मिटलेले होते, आणि तिनं त्यांना एकदाही थांबवलं नाही.