चाकूला दिलेलं पाणी

धारवाल्यानं सांगितलं एक आणि यानं केलं भलतंच. बरं, विचारायचं तरी. पण विचारलं तर लोक हसतील, ही याची लहानपणापासूनची भीती. त्या भीतीपायीच आता सकाळी सकाळी तो ओट्याशी घाम पुसत उभा होता, आणि समोर बादलीतून काढलेला आईचा चाकू होता.

आई खुर्च्यांना वेत विणायची. चाळीस वर्षं, याच घडीच्या चाकूनं. वडील गेल्यावर घर चाललं तेही या चाकूवरच. तिच्या डावखुऱ्या पंजात घासून घासून लाकडी मूठ अशी झिजली होती, की दुसऱ्या कुणाच्या हातात ती नीट बसत नसे. मागच्या आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती मावशीकडे होती. आज तपासणी उरकून संध्याकाळी घरी यायची होती. ती यायच्या आत चाकू लखलखीत करून ठेवू, म्हणून हा पठ्ठ्या काल म्हाताऱ्या धारवाल्याकडे गेला.

धारवाल्यानं पात्यावरून नख फिरवलं. "याचं पाणी उतरलंय. आधी पाणी देऊन आण, मग धार लावतो."

यानं सगळं समजल्यासारखी मान डोलावली, आणि घरी येऊन चाकू रात्रभर बादलीत बुडवून ठेवला.

सकाळी बघतो तर मूठ टम्म फुगलेली, मधोमध चिरलेली, आणि पातं आत असं रुतलेलं की ना नखानं हलेना, ना पकडीनं. आई काही मारणार नव्हती. पस्तिशीच्या घोड्याला कोण मारतं? पण उद्या ती कामाला बसेल आणि तिच्या हातात हत्यार नसेल.

तो तसाच धावत गेला. धारवाल्यानं कपाळाला हात लावला.

"अरे शहाण्या, पाणी देणं म्हणजे पातं लालबुंद तापवून पाण्यात बुडवणं. लोहाराचं काम ते. तू तर त्याला आंघोळच घातलीस."

"काका, दुरुस्त होईल ना?"

"मूठ फोडून नवी बसवतो. दुपारपर्यंत चालू. नाहीतर सावलीत वाळू दे पंधरा दिवस. मग चीर भरता येईल, पण पातं सुटेल का ते देव जाणे."

त्यानं हातोडी उचलली. ती खाली येणार एवढ्यात याच्या तोंडून "थांबा" निघालं, तेही किनऱ्या आवाजात. नव्या मुठीचे चाकू बाजारात छप्पन्न मिळतात. आईचा हात या एकाच मुठीत होता. चाकू रुमालात गुंडाळून तो घरी आला आणि जीव मुठीत धरून बसला. रस्त्यावर गाडी थांबली की उठायचा, ती दुसऱ्याच कुणाची निघाली की परत बसायचा.

दिवेलागणीला मावशीनं आईला दारात सोडलं. डोळ्यांवर काळा चष्मा. ती खुर्चीत टेकते न टेकते तोच यानं सगळं ओकून टाकलं, बादलीसकट.

आईनं नुसता हात पुढे केला. यानं चाकू हातावर ठेवला तशी तिनं मूठ चाचपली, चिरेवरून बोट फिरवलं.

"उघडत नाही?"

"नाही."

"बरं झालं."

टोमणाच असणार, असं समजून तो खाली मान घालून उभा राहिला.

"अरे, गाडीत बसल्यापासून मला धडकी भरली होती, तुला सांगू कसं म्हणून. डोळ्याला काही उतार नाही. वेत कुठला नि माझं बोट कुठलं, कळत नाही रे. डॉक्टर म्हणाले, हत्याराला हात लावायचा नाही. हा उघडत असता तर मी कुणाचं ऐकलं असतं?"

सकाळपासून पातं सुटावं म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता. आता ते कधीच सुटू नये असं त्याला वाटू लागलं.

"कपाटात ठेवून दे," आई म्हणाली.

त्यानं हात पुढे केला, पण ती चाकू सोडेना. तिच्या अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत शिरलं होतं आणि ती जोर लावत होती.