दोनशे चौदाचा पाय

दुपारी बारा वाजल्यापासून आमचे हे बाथरूममध्ये वज्री घेऊन बसले होते. आधी टाचा, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं. मी दोनदा दार वाजवलं. आतून एकच उत्तर.

"थांब की मनोरमा! आज दिवस कंचा, ठावं हाय न्हवं?"

न ठाऊक असायला काय झालं? पवित्र गुरुवार होता. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून संध्याकाळी सहाला इथल्या, न्यूझीलंडच्या, टाकानिनी गावात मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक बारा जणांचे पाय धुणार होते. त्यात वयानं मोठे म्हणून पहिला मान यांचा, गोपीनाथ कारभाऱ्यांचा. नेवाशाकडच्या आमच्या गावातल्या चर्चमध्ये हे सव्वीस वर्षं बारांत बसले. तिथं बारा नावं ठरताना दरवर्षी भांडण, एकदा तर खुर्च्या फेकल्या. आणि नाव लागलेला प्रत्येक जण घरून पाय घासूनपुसून यायचा. सव्वीस वर्षांत पाळकसाहेबांच्या ओंजळीला धूळ म्हणून लागली नसेल. मी एकदा म्हटलं, धुतलेले पाय कशाला धुवायचे? तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

या वेळी मात्र यांच्या पोटात पायांपेक्षा मोठं काहीतरी होतं. आमचा यशोधन सहा महिन्यांचा असताना मरता मरता वाचला, तेव्हा यांनी भर चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं, हे पोरगं प्रभूच्या सेवेला दिलं. पोरानं दोन वर्षं पाळकाचं शिक्षण घेतलं, तिसऱ्या वर्षी ते सोडलं आणि शेतीचा डिप्लोमा करायला न्यूझीलंडला आला. आता आठ वर्षं झाली, पुकेकोहे गावाच्या पुढं तीनशे गाईंच्या फार्मवर आहे. आम्ही दोघं त्याच्याकडेच येऊन राहिलो होतो. गावातल्या चर्चला वर्षभर पाळक नाही. कमिटीचा सेक्रेटरी रमण दर आठवड्याला फोन करतो, आणि हे दर आठवड्याला सांगतात, "ईस्टरपातुर थांबा, पोराला घिऊनच येतो." आज टाकानिनीला, सगळ्यांच्या देखत, यशोधननं होकार द्यायचा असं यांनी ठरवून टाकलं होतं. यशोधनला कुणी विचारलं नव्हतं.

हवाही त्या दिवशी यांच्यासारखीच. घटकेत ऊन, घटकेत आडवा पाऊस. गेटापासून गाईंच्या शेडपर्यंतची तांबडी माती नुसती चिकट झालेली. हे पांढरी पँट, नवे मोजे, चकचकीत बूट घालून तीन वाजता गाडीत जाऊन बसले. मग उतरले. घरापुढच्या लाकडी डेकवर आले, घड्याळ बघितलं, परत गाडीत. बघून बघून माझंच डोकं गरगरायला लागलं.

साडेचार झाले. दूध काढून गाई कधीच कुरणात गेल्या होत्या, पण यशोधनचा पत्ता नाही. आम्ही दोघं शेडवर गेलो. हे मोजून-मापून पाऊल टाकत, बुटाला चिखल लागू नये म्हणून.

यशोधननं एका काळ्या-पांढऱ्या गाईला लोखंडी खोड्यात उभं केलं होतं. कानात बिल्ला, दोनशे चौदा. मागचा एक पाय तिनं अधांतरी धरला होता.

"आरं, साडेचार वाजलं! आंघोळ कवा करायची, निघायचं कवा?"

"दादा, ही पाय टेकवंना. मालक ईस्टरला लेकीकडं गेलाय, मी एकटाच हाय. आत्ता नाय बघितला तर रातभर आशीच उभी ऱ्हाईल."

"एका गाईपायी? तिकडं आख्खी मंडळी वाट बघतीय!"

"मंडळीला चालाय पाय हायेत, दादा."

झालं. यांचा आवाज शेडच्या पत्र्याला जाऊन लागला. "तुला म्या देवाला दिला हुता! शेण काढाया न्हाई! म्या रमणला शबुद दिलाय. तिथं तोंड कसं दाखवू?"

यशोधननं मान वर केली नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. "आई, दोर धर जरा," एवढंच म्हणाला.

गाईच्या दुखऱ्या पायाला बांधलेला दोर मी धरला. गाईनं एक हिसडा दिला आणि माझ्या मनगटात कळ आली. दोर निसटायला लागला. जन्मभर बैल सांभाळलेला माणूस ते बघत किती वेळ उभा राहणार? यांनी बूट काढले, मोजे काढले, दोन्ही नीट भिंतीवर ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अनवाणी शेणात उतरले.

"दादा, गमबूट घाला, पाय दिईल ती!"

"म्या काय पयल्यांदा गोठ्यात आलो व्हय? तू तुजं बघ."

यशोधन गुडघ्यावर बसला. कोमट पाण्यानं, ब्रशनं, शेवटी अंगठ्यानं त्यानं खूर धुतला. बेचकीतली घाण काढताना तो गाईशी हळूहळू मराठीत बोलत होता, झालं गं, झालं बाई. मग वाकड्या सुरीनं थोडं तासलं. काळा पू भसकन बाहेर आला. मी पदर नाकाला लावला. त्याच्या तोंडावर उडालं ते त्यानं बाहीनं पुसलं आणि परत खाली वाकला.

गाईचा खूर दोन भागांचा. एक भाग सडलेला, दुसरा धडधाकट. यशोधननं एक लाकडी ठोकळा घेतला, त्याला गोंद लावला आणि धडधाकट भागाच्या तळाला चिकटवला.

"आरं खुळ्या, दुखतंय हिकडं, ठोकळा तिकडं?"

"म्हणूनच तिकडं. दुखऱ्यावर भार नको. चांगल्यानं ठोकळ्यावर उभं ऱ्हायचं, म्हंजी दुखरा आपसूक वर ऱ्हातो. महिन्यात बरा होतो."

"आन चांगल्याला तरास?"

"होतो की. त्यो सोसतो."

गोंद वाळेपर्यंत पाय हलू द्यायचा नव्हता. दिवसभर एका जागी न ठरलेला हा माणूस गाईच्या मांडीला खांदा लावून उभा राहिला. मग हळूच विचारलं, "ह्ये रोज करतो?"

"लंगडती दिसली की करायचं. पावसात जास्ती."

खोडा उघडला. दोनशे चौदानं पाय टेकवला, थबकली, परत टेकवून बघितला, आणि ठक ठक करत कुरणाकडे निघाली.

सव्वासहा झाले होते. टाकानिनीचं आता विसरायचं. यशोधननं बादली पालथी घातली. "बसा, दादा." हे बसले. वज्रीनं घासलेले ते पाय घोट्यापर्यंत शेणानं भरले होते. पोरगं समोर गुडघ्यावर बसलं तसे यांनी पाय मागं ओढले.

"तू नको. माजं म्या धुतो."

"बसा गप," मी म्हटलं. "सव्वीस वर्षांत आज पयल्यांदा धुण्याजोगं पाय घिऊन बसलाय तुमी."

यांनी पाय पुढे केले. यशोधननं धुतले, तसेच, अंगठ्यानं, बेचक्यांतून. हे त्याच्या डोक्याकडे बघत होते. पोराच्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, ते मलाही तेव्हाच दिसलं. मला रडू आवरेना.

तेवढ्यात फोन वाजला. रमणच. तिकडं दुपार व्हायची होती. फोनच्या स्पीकरवर त्याचा आवाज शेडभर घुमला. "कारभारी, दिला का पोरानं होकार?"

यशोधनचा हात थांबला.

"रमण, दुसरा पाळक बघा," हे म्हणाले. "पोरगं देवाला दिलं म्हणलो हुतो. दिलंय. आता परत कसं मागू?"

"आवो, तुमी शबुद दिलाता! लोक काय म्हनतील? फुडल्या साली बारांत तुमचं नाव ऱ्हायचं न्हाई, सांगून ठिवतो."

यांनी ओल्या पायांकडे बघितलं.

"न्हाई तर न्हाई," हे म्हणाले. "त्या दिशी पाय धुताना पान्याचं घंगाळ उचलाया कोन आसतं रं? तिथं लिव माजं नाव."