व्याह्यांच्या घरी राहिलेली फाइल

मी एक जुनी, फीत बांधायची पुठ्ठ्याची फाइल आहे. नारीन शहरातल्या शाळेत वीस वर्षं मी मुलांचे जन्मदाखले सांभाळले. एकही कागद दुमडू दिला नाही, म्हणून झूराकान बाई सगळ्यांपुढे माझं कौतुक करायच्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाळेला मीही नकोशी झाले होते. बाईंनी मला घरी नेलं आणि मी कपाटावर धूळ खात पडले. मित्रांनो, ते दिवस चांगले होते, हे मला फार उशिरा कळलं.

एका वसंतात बाईंच्या मुलाला, उलारबेकला, घोडे चोरल्याच्या आरोपावरून धरलं. चोरी झाली त्या दिवशी तो दूरच्या कुरणावर अडलेल्या घोडीपाशी होता. जनावरांच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी बाईंनी माझ्यात ठेवली, फितीला दुहेरी गाठ मारली आणि मला तोक्तोसुन वकिलांकडे पोचवलं. हे त्यांचे व्याही. लेक आयचुरोक त्यांच्याच घरात दिलेली. घरचा वकील असताना बाहेर कोण जातं?

व्याह्यांनी मला रजयांच्या चळतीवर ठेवलं आणि बाईंना जेवायला बसवलं. आमच्याकडे व्याह्यांच्या दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाभोवती बसून, कामाचं बोलत नाहीत. बाई तीनदा आल्या, तीनदा जेवून गेल्या. माझी गाठ कुणी सोडली नाही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

कोर्टात त्या चिठ्ठीचं नावही निघालं नाही. उलारबेकला नऊ वर्षांची शिक्षा झाली. बाईंनी भीतभीत विचारलं, तेव्हा व्याही म्हणाले, “अपील करतोच आहे, विहीणबाई. तुम्ही आधी जेवा, रस्सा गार होतोय.”

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या कुणाला कागद दाखवावेत असं त्यांना रोज वाटायचं. पण ते व्याह्यांच्या कानावर गेलं तर लेकीला त्या घरात काय काय ऐकावं लागेल, या धास्तीने त्यांचा पाय अडायचा.

शेवटी निकालानंतर पस्तिसाव्या दिवशी, लेकीला भेटायचं निमित्त करून त्यांनी मला तिथून उचललं. डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून त्या बाजारामागच्या नासियकत वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाईंनी नखांनी गाठ सोडवली आणि चिठ्ठी दोनदा वाचली.

“मावशी, हा कागद कोर्टापुढे गेलेलाच नाही. अपिलाला तीस दिवस होते. ते संपले, आणि अपील कुणीच केलेलं नाही.”

“मग आता?”

“उशीर माफ करा म्हणून अर्ज देऊन बघू. पण उशीर कुणामुळे झाला, ते नावानिशी लिहावं लागेल. खाली सही तुमची.”

बाईंनी पेन हातात घेतलं. मग ते टेबलावर ठेवून त्या मला घेऊन घरी आल्या. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, आजही येतो.

आयचुरोकला हे सगळं दोन वर्षांनी कळलं. ती चिडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, “आई, मला विचारायचंस तरी. मी त्याच दिवशी पोरांना घेऊन परत आले असते.”

उलारबेक अजून आत आहे.

मित्रांनो, वकील घरचा असो की बाहेरचा, मनात शंका आली तर मुदतीच्या आत दुसऱ्याला कागद दाखवा. त्यात कुणाचा अपमान नाही. आणि ज्या माणसाच्या काळजीने तुम्ही गप्प बसता, त्यालाही एकदा विचारून बघा.