काकूंचा अंगठा

"हासुद्धा नाही," म्हणत काकूंनी सव्विसावा फोन लाल ट्रेमध्ये ठेवला.

काम तसं सोपं होतं. काचेवरच्या गोलावर अंगठा तीनदा टेकवायचा, फोनने तो ओळखून ठेवायचा. मग फोन बंद करून पुन्हा टेकवायचा. उघडला तर हिरवा ट्रे, नाही तर लाल. हिरवा ट्रे सकाळपासून रिकामा होता.

शेजारी चार्जिंग तपासणारी चिमणी बसायची. ऐंशी किलोच्या बाईला हे नाव कोणी दिलं, ते तिलाही आठवत नव्हतं.

"काकू, तुम्हाला बघून घाबरतायत वाटतं हे."

"घाबरू देत. घरी तर कोणी घाबरत नाही."

एरवी यावर हशा पिकला असता. पण रस्त्यापलीकडच्या कंपनीने बोट लावून उघडणारा फोन महिन्यापूर्वीच जाहीर केला होता. वर्षभर हेच चाललं होतं: त्यांनी एक कॅमेरा वाढवला की यांनी दोन वाढवायचे, यांनी फोन पातळ केला की त्यांनी आणखी पातळ करायचा. आता यांचा फोन चार दिवसांत बाजारात यायचा होता, आणि एकही उघडत नव्हता.

सुपरवायझर धावत आला. त्याला अकरा वर्षांपूर्वी काकूंनीच काम शिकवलं होतं, त्यामुळे तो चिडला तरी आधी 'अहो' म्हणायचा.

"अहो काकू, सव्वीसच्या सव्वीस?"

"मोजून घे."

लाइन थांबली. चार हजार फोन अडकले. इंजिनिअरने तीन फोन खोलले, गोंद खरवडला, भिंगातून पाहिलं. सगळं ठीक होतं. वरच्या मजल्यावरून तीनदा विचारणा झाली. काकू हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. कंपनी बुडाली तर दवाखान्याचं कार्ड बुडेल. नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा त्या कार्डावर व्हायचं.

ट्रे सरकवताना चिमणीने सहज एका फोनवर स्वतःचं बोट टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. बंद करून पुन्हा टेकवलं. फोन उघडला. तिने दुसरा घेतला, तोही उघडला. तिसरा उघडला तेव्हा तिने तो चोरीचा माल असावा तसा झटकन खाली ठेवला.

इंजिनिअरने काकूंचा अंगठा भिंगाखाली धरला.

"इथे रेषाच नाहीत," तो म्हणाला.

कुठून असणार? एकोणीस वर्षांपूर्वी फोनला बटणं होती. दिवसाला सातशे फोन, प्रत्येकाची बारा बटणं दाबायची आणि स्पिरिटने पुसायची. मशीनने पास केलेला फोन काकू डोळे मिटून दाबायच्या आणि म्हणायच्या, "पाच नंबर दबतोय, पण कुरकुरत वर येतोय." खोलला की आत केसाएवढा प्लास्टिकचा तुकडा सापडायचा. मोठे साहेब पाहुण्यांना मुद्दाम घेऊन यायचे, "हा बघा आमचा अंगठा." मग बटणं गेली, काच आली. काकू काच दाबू लागल्या आणि स्पिरिटने पुसू लागल्या.

"बाकीची बोटं लावून बघा की," सुपरवायझर म्हणाला.

एकेक करत आठ बोटं झाली. नवव्या खेपेला, डाव्या करंगळीला, फोन उघडला. चिमणीने टाळ्या पिटल्या. काकू हसल्या, आणि हसताना त्यांचा श्वास मोठ्याने बाहेर पडला.

दुपारभर त्यांनी करंगळीने काम केलं. फोन उजव्या हातात धरायचा, डावी करंगळी वाकडी करून नेमकी टेकवायची. तासाला चाळीस. अंगठा चालला असता तर नव्वद झाले असते.

चार वाजता सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला.

"बोल."

"समोरच्यांकडे रबरी बोटाचं मशीन आहे काकू. तासाला तीनशे. आपलंही सोमवारी येतंय."

"मग मी पॅकिंगला जाते."

"पॅकिंगचं मशीन गेल्याच वर्षी आलं ना."

"झाडलोट?"

"ती बाहेरच्या ठेकेदाराकडे असते. अहो, मी खूप सांगून पाहिलं वर. तुमच्याशप्पथ."

"कार्ड?"

"महिनाअखेरपर्यंत चालेल."

काकूंनी ट्रेमध्ये पाहिलं. बारा फोन उरले होते. "एवढे करून उठते," त्या म्हणाल्या. "आणि तू इथे उभा राहू नकोस. माझा नेम चुकतो."

बारा फोन झाले. त्यांनी प्रत्येक काच पुसली, खुर्ची आत सरकवली.

घरी नवरा पलंगावर उशीला टेकून बसला होता. "आज दमलेली दिसतेस."

"लाइन बंद होती. बसून बसून दमले."

त्यांनी हात धुतले आणि त्याच्या उशाशी बसल्या. डायलिसिससाठी त्याच्या डाव्या हातातली नस डॉक्टरांनी धमनीला जोडून घेतली होती. रोज संध्याकाळी तिथे हात लावून बघायचं, असं नर्सने शिकवलं होतं. आत बारीक थरथर लागली तर ठीक, नाही लागली तर तसंच दवाखान्यात पळायचं. काकूंनी त्याची बाही वर केली आणि अंगठा टेकवला.

कातडीखाली रक्त गुणगुणत होतं.

"आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग काढ की हात. किती वेळ?"

"थांबा जरा," काकू म्हणाल्या.